एका धुराड्याची दोन घरं

६ जानेवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. काकूलाही सांग.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "बघू" म्हणतेस आणि ठेवून देतेस, आणि काकूला फोनवर काही ऐकू येत नाही, मग ती चार दिवस रुसते. त्यापेक्षा कागद बरा.

मुद्दा असा. या वर्षअखेरीस मी विमा कचेरीतून मोकळा होतोय. तुझी भावजय आणि मी कायमचे तिकडे यायचं म्हणतोय. पण त्या घरात नाही. आपली बाजू पाडायची आणि तिथे नवं, सुटसुटीत घर बांधायचं, असं माझ्या मनानं घेतलंय.

आजोबांबद्दल मला आदर आहे. शंभर वर्षांपूर्वी ट्रामचा फाटा शहराबाहेर आला, शेतांचे प्लॉट पडले आणि कारकुनांनाही बंगल्याची स्वप्नं पडायला लागली, इथपर्यंत ठीक. पण एकट्याला बंगला झेपत नाही म्हणून एकाच कचेरीतल्या दोन मित्रांनी मिळून एकच बंगला बांधायचा आणि मधोमध भिंत घालून तो अर्धा अर्धा करायचा, ही ज्याच्या डोक्यातली कल्पना असेल त्याचा विमा मी उतरवला नसता. पोर्चच्या कमानीचा अर्धा भाग आपला, अर्धा त्यांचा. छप्पर अर्धं आपलं, अर्धं त्यांचं. आपण पिवळा रंग दिला की ते हिरवा देणार. लांबून ते घर एक गाल सुजलेल्या माणसासारखं दिसतं. पुढे काढलेल्या त्या तीन तोंडांच्या खिडकीतून पाऊस आत येतो, पण रंगीत काचांमुळे उजेड येत नाही. न्हाणीघर तर मागाहून सुचल्यासारखं मागे चिकटवलंय.

अडचण एकच, पलीकडचा दातवाला. सगळ्या वस्तीचे दात उपटून झाले, आता निवृत्त होऊन दिवसभर कुंपणाशी उभा असतो. आपण आपली बाजू पाडायला घेतली की तो आडवा येणार. तेव्हा मधली भिंत कायद्यानं कुणाची, हे आधी शोधून काढ. त्याला सुगावा लागू देऊ नकोस. माणूस आतल्या गाठीचा आहे. शिवाय ज्याच्या डोक्यावर केस नाहीत आणि तरी जो खिशात कंगवा ठेवतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

काकूला वाचून दाखवताना शेवटचा भाग गाळ.

तुझा धाकटा


१५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काहीही गाळता आलं नाही. वाचून झालेलं पान काकू हातातून काढून घेते, मांडीवर ठेवते आणि कागद कुठं संपला ते स्वतः डोळ्यांनी बघते. ऐकू येत नसलं तरी नजर ससाण्याची आहे. आम्ही दिवाणखान्यात फायरप्लेसपाशी बसतो. त्यात आता लाकडं जळत नाहीत, पुढे विजेचा हीटर ठेवलाय, पण काकूला जागा तीच लागते. मी एकेक वाक्य ओरडून वाचते, ती "काय?" म्हणते, की मी पुन्हा ओरडते. तुझं पत्र वाचून होईस्तोवर माझा घसा बसला.

घर पाडायचं म्हटल्यावर काकू म्हणाली, "पाडू दे की. आधी मला पाड म्हणावं, मग घर." मग म्हणाली, "कंगव्याचं मात्र खरं आहे."

आता पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडांना पाणी घालत होते. दातवाले कुंपणापाशी आले. नेहमीप्रमाणे "थंडी आहे" म्हणतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "भिंतीचं काही कळलं का?"

"कुठल्या भिंतीचं?"

"मधल्या." मग म्हणाले, "कंगवा मी मिशांसाठी ठेवतो."

माझ्या हातातली झारी त्यांच्या बुटांवर रिकामी झाली. मी तशीच घरात आले. आपली पत्रं कोणीतरी फोडतंय. पोस्टमन तर साधा माणूस वाटतो, पण साधी माणसंच असं करतात असं काकूचं म्हणणं.

घर पाडण्याचं बघू.

ताई


२३ जानेवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

पोस्टमनचा प्रश्न नाही. तुझ्या पत्राचा डिंक जसाच्या तसा होता, मी भिंग लावून बघितला. तीस वर्षं खोटे दावे पकडण्यात गेली आहेत, हाही पकडीन. त्यासाठी एक सापळा लावतोय. खाली जे लिहितो ते धादांत खोटं आहे, पण तू ते काकूला खरं म्हणूनच वाचून दाखव. हा परिच्छेद मात्र मनातल्या मनात वाच आणि पान तिच्या हातात द्यायच्या आधी चहा सांड.

तर, ताई, नव्या घराचा तळमजला मी एका बँडला तालमीसाठी द्यायचं ठरवलंय. वाजवणारे पुष्कळ आहेत. दोन मोठे ढोल, बाकी सगळी पितळी वाद्यं. पहाटे सुरू करतात. तालमीची खोली मधल्या भिंतीला लागूनच ठेवणार आहे, कारण भिंत जाड आहे असं ऐकतो.

यावर तो काय करतो ते कळव.

तुझा धाकटा


३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सापळ्यात उंदीर सापडला, पण सापळा कुठं होता ते ऐकून तू खुर्चीला धरून बस.

पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दातवाले दारात. स्वच्छ शर्ट, हातात टोपी. म्हणाले, "मी तक्रार करायला आलेलो नाही. कलेला माझा विरोध नाही. फक्त ढोल तेवढे मागच्या खोलीत ठेवता येतील का?" चेहरा इतका पडलेला होता की मी त्यांना बसा म्हटलं. आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आत त्यांचं पाऊल पहिल्यांदाच पडलं असेल. ते चारी बाजूंना बघत राहिले. म्हणाले, "माझंच घर आरशात बघितल्यासारखं वाटतंय." आपल्या डावीकडे आहे ते सगळं त्यांच्याकडे उजवीकडे आहे.

तेवढ्यात ती मुलगी आली. तुला सांगायचं राहिलं. वास्तुकलेचा अभ्यास करणारी एक मुलगी या भागातल्या त्या काळच्या जोडघरांवर प्रबंध लिहितेय. मोजमापं घ्यायला येऊ का विचारत होती. तूच भिंतीचा शोध घे म्हणालास, म्हणून मी हो म्हटलं. आल्यापासून ती सगळं मोजतेय, म्हणून काकू तिला फूटपट्टी म्हणते. तिच्या मते आपलं घर त्या काळच्या छापील नमुन्यांवरून बांधलंय, आणि कंत्राटदारानं जिथे जमेल तिथे हात आखडता घेतलाय. बाहेरून दोन धुराडी दिसतात, त्यातलं एक नुसतं शोभेचं आहे. आत पोकळी एकच. दोन्ही दिवाणखान्यांतल्या फायरप्लेस पाठीला पाठ लावून एकाच नळकांड्यात उघडतात.

हे सांगताना तिनं आपल्या फायरप्लेसमध्ये डोकं घातलं आणि म्हणाली, "मी इथे बोललेलं पलीकडे शब्दन् शब्द ऐकू जात असणार."

मी दातवाल्यांकडे बघितलं. ते टोपीकडे बघत होते.

म्हणजे इतकी वर्षं मी काकूला जे जे ओरडून वाचलं, ते सगळं. तू त्यांच्याविषयी लिहिलेलं सगळं. आणि तुझ्या पत्रांवर मी काकूला माझं म्हणून जे सांगितलं, तेही सगळं. मी काय काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी आपल्या धुराड्यात वारा शिरतो आणि बेसूर घुमतो, असं मी तुला नेहमी लिहायचे ना. तो वारा नव्हता. ते गातात.

ताई


१० फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

हा उघडउघड विश्वासघात आहे. सभ्य माणूस असता तर त्यानं पहिल्याच दिवशी खाकरून सांगितलं असतं. ताबडतोब त्या भोकात गोण्या कोंब, वर फळी ठोक. फूटपट्टीला सांग की धुराडी पुरे, भिंतीकडे लक्ष दे. पाडकाम करणारा माणूस मी ठरवलाय. महिनाअखेर येऊन बघून जाईल.

आणि त्याच्याशी बोलू नकोस. तू फार साधी आहेस.

तुझा धाकटा


२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. गोण्या मिळाल्या नाहीत.

तुझा पाडकामवाला आला होता. छाती पुढे काढून आला, आणि फूटपट्टीनं त्याला वर नेऊन माझ्या खोलीतल्या जमिनीची एक फळी उचलून दाखवली, तसा खाली बसला. खालच्या तुळया आपल्या भिंतीपाशी संपतच नाहीत. आपल्या बाहेरच्या भिंतीपासून निघतात, मधल्या भिंतीवर टेकतात आणि थेट त्यांच्या बाहेरच्या भिंतीत जाऊन घुसतात. कंत्राटदाराला लांब सागवान स्वस्तात मिळालं असेल, त्यानं ते कापायचेही कष्ट घेतले नाहीत. पाडकामवाला म्हणाला, "बाई, तुमची बाजू काढली की त्या साहेबांचा पलंग साहेबांसकट खाली येईल. आणि आधी कुणाची भिंत जाईल ते सांगवत नाही." सलाम करून निघून गेला. चहाही घेतला नाही.

मधली भिंत कुणाची, याचं उत्तर मिळालं. दोघांची. नाहीतर कुणाचीच नाही.

छपराचंही तसंच आहे का बघायला मी माळ्यावर चढले. फूटपट्टी म्हणाली होती, वर कदाचित भिंत पोचलीच नसेल. झाकण ढकलून डोकं वर काढलं, तर खरंच भिंत नाही. इथून तिथून एकच लांबलचक माळा, वासे, कौलं आणि कौलांच्या फटीतून आलेले उन्हाचे कवडसे. आणि पलीकडच्या झाकणातून दुसरं एक डोकं वर आलेलं. केस नसलेलं.

"तुम्हीही तुळया बघायला आलात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझ्याकडे थर्मास आहे," ते म्हणाले.

मधल्या भिंतीच्या माथ्यावर, म्हणजे आपल्या आणि त्यांच्या अगदी हद्दीवर बसून आम्ही चहा घेतला. आजोबांचा विषय निघाला. त्या दोघांचं का बिनसलं हे आपल्याकडे कुणी नीट सांगितलंच नाही. त्यांच्याकडेही नाही. पण आमच्या बोलण्यातून एवढं निघालं की, आपले आजोबा घरात त्यांच्या आजोबांना 'गेंडा' म्हणायचे, आणि त्यांचे आजोबा आपल्या आजोबांना 'चिमटा' म्हणायचे. तोंडावर दोघंही एकमेकांना राव लावायचे. घरात शिरल्यावर फायरप्लेसपाशी पाय शेकत बायकोला काय सांगायचं ते सांगायचे. पहिल्या हिवाळ्यातच बोलणं बंद झालं असणार. त्या दोघांनी भांडण केलंच नव्हतं रे, नुसतं ऐकलं होतं.

मी विचारलं, "मग तुम्ही इतकी वर्षं ऐकत का बसलात?"

ते म्हणाले, "बायको गेल्यावर घरात आवाजच नव्हता. पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा मी उठलोच होतो. दार लावून मागे जायचं ठरवलं होतं. पण तुम्ही वाचता वाचता थांबलात आणि म्हणालात, 'काकू, याला अजून वेलांट्या येत नाहीत.' मला हसू आलं. मग बसलो."

खाली आले तेव्हा काकू म्हणाली, "चहा थंड झाला तुझा." मी पुन्हा एक कप घेतला.

ताई


९ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

शाबास. मी तुला साधी म्हटलं ते शब्द मागे घेतो. शत्रूच्या गोटात शिरलीस आणि त्याच्याच थर्मासमधला चहा प्यालीस, याला डोकं लागतं. तुळयांचं वाचून आधी दोन दिवस मी जेवलो नाही. पण मग लक्षात आलं की ही अडचण नाही, संधी आहे. एक बाजू पाडता येत नसेल तर दोन्ही पाडू. त्यानं त्याचा अर्धा भाग आपल्याला देऊन टाकला की झालं. एकटा माणूस, कुठेही राहील. तू गोड बोलून त्याला तयार कर. घाई नको. माळ्यावर दोन-तीनदा जा. गाणं म्हणत असेल तर ऐकून घे, स्तुती कर. एवढा त्याग घरासाठी करावाच लागेल.

तो काय म्हणतो ते सविस्तर कळव.

तुझा धाकटा

वन्सं, नमस्कार. हे पाकीट डकवायला माझ्याकडे आलंय म्हणून दोन ओळी. तुमची पत्रं मीही वाचते. मला कळलंय. यांना अजून कळलेलं नाही. पाडणाऱ्या माणसाविषयी एक परिच्छेद आणि थर्मासविषयी दीड पान, यातून जे कळायचं ते बाईमाणसाला कळतं. तुम्ही निवांत असा. इकडचं मी बघते.
— तुमची भावजय


२८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गोड बोलून तयार करायला सांगितलं होतंस. ते तयार झाले, पण तुला हवं होतं त्याला नाही.

परवा संध्याकाळी ते आले, काकूसमोर बसले आणि म्हणाले, "मला यांच्याशी लग्न करायचंय. तुमची परवानगी हवी." काकू म्हणाली, "काय?" त्यांनी पुन्हा सांगितलं. काकू म्हणाली, "मोठ्यानं बोल." तिसऱ्यांदा ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की समोरची शिंपीण खिडकीत आली आणि रस्त्यावरच्या दूधवाल्यानं सायकल थांबवली. काकूनं त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "दात स्वतःचे आहेत का?"

"दोन सोडून," ते म्हणाले.

"मग बस. चहा घे." ही काकूची परवानगी.

मला त्यांनी आधी माळ्यावर विचारलं होतं. मी तिथेही "बघू" म्हणाले होते. त्यावर ते म्हणाले, "तुमचं 'बघू' मी पुष्कळदा ऐकलंय. भावाला म्हणता तेव्हा त्याचा अर्थ नाही असा असतो. मला म्हणालात त्याचा काय अर्थ?" आयुष्यभर मुलांना भूमिती शिकवली, सिद्ध करा म्हणून फळ्यावर लिहिलं. मला कुणी असं पकडलं नव्हतं. मी म्हटलं, "याचा अर्थ हो."

तेव्हा तुलाही आता सरळ सांगते. घर पाडायला माझं 'नाही' आहे. पहिल्या दिवसापासून नाहीच होतं. खालच्या मजल्यावर मधल्या भिंतीत एक दार पाडायचं ठरलंय. तुळयांना धक्का न लावता ते कुठे बसेल, हे फूटपट्टीनं आखून दिलंय. काकू म्हणते रंग आता एकच द्या, कुठला ते मी सांगेन. तुमच्या दोघांसाठी वरच्या दोन्ही खोल्या रिकाम्या करून ठेवते. या.

रागावला असशील. राग ओसरला की लिही. मी वाट बघतेय.

ताई


४ मे

ती. भावोजींस,
शि. सा. न. वि. वि.

हे पहिले दोन शब्द लिहायला मला महिना लागला. मधल्या काळात मी ताईला पत्र लिहिलं नाही, फोन घेतला नाही, आणि माझी बायको माझ्याशी बोलत नव्हती. शेवटी तीच म्हणाली, "तुम्हाला राग कसला आलाय ते एकदा नीट सांगा, मी ऐकते." मी सांगायला बसलो, आणि बराच वेळ बोलल्यावर लक्षात आलं की तुमच्याविरुद्ध माझ्याकडे कंगव्याशिवाय काही पुरावा नाही.

तुमच्याविषयी जे लिहिलं ते तुम्ही ऐकलंच आहे, त्यामुळे ते पुन्हा उगाळत नाही. त्याबद्दल माफी मागतो. फक्त बँड माझ्या डोक्यातला होता, हे लक्षात असू द्या. कुणीही येणार नाही.

एक गोष्ट ताईला माहीत नाही, ती तुम्हाला सांगतो. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. ताईनं मला वाढवलं. माझी फी भरली, माझं लग्न लावलं, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की "बघू" म्हणाली. नव्या घराचा नकाशा मी दोन वर्षं रात्रंदिवस काढत होतो. त्यात खालची, पूर्वेकडची, सगळ्यात मोठी खोली तिची होती. ही खोली तिला दाखवून चकित करायचं, एवढंच खरं डोक्यात होतं. बाकी सगळा मी कचेरीतल्या सवयीनं लावलेला फापटपसारा. खोली खालची का, तर चढते ती हट्टानं, पण जिना उतरणं तिला आता झेपत नाही. हे ती मरेपर्यंत कबूल करणार नाही. मागच्या वेळी आलो होतो तेव्हा मी खालून बघितलं. उतरताना ती उजव्या हातानं कठडा घट्ट धरते, मग पाऊल टाकते, आणि कुणी बघतंय असं वाटलं की पदर सावरल्यासारखं करते.

तर आता कामाचं. आमच्या बाजूच्या जिन्याला उतरताना कठडा उजवीकडे आहे. ती आता तुमच्या जिन्यानं वर-खाली करणार, आणि तुमचं घर आरशातलं, तेव्हा तुमच्याकडे तो डावीकडे असणार. दार पाडायला गवंडी येतील, त्याच वेळी सुताराकडून तुमच्या जिन्याला उजवीकडेही एक कठडा बसवून घ्या. भिंतीत चांगला खोल रोवा. लाकूड जुनं असेल तर तासून घ्या, तिच्या हाताला कुसळ लागायला नको.

मी सांगितलं असं मात्र म्हणू नका. कारण विचारलंच तर तुमच्यासाठी बसवलाय म्हणा. तिच्यासाठी आहे असं कळलं, तर ती त्याला हात लावणार नाही.

तुमचा मेहुणा,
धाकटा